कशाला गेले होते, तर देवमासे पाहायला
(संघटनेच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी न्यूझीलंडला जाऊन आले, पाठीवर सॅक घेऊन तीन आठवडे एकटी फिरले, हे कळल्यापासून तुमच्यापैकी बहुतेकींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. कुणी विचारले, ‘परिषद होती का?’ कुणी विचारले, ‘फेलोशिप मिळाली वाटतं?’ माझ्या मावशीने विचारले, ‘तिकडे आपलं कुणी असतं का?’ यातले काहीच नव्हते, हे सांगितल्यावर प्रत्येकीचा चेहरा थोडा गोंधळलेला दिसला. मी समुद्रातले देवमासे पाहायला गेले होते. पैसे माझे होते, साडेतीन वर्षे साठवलेले, आणि रजा माझी होती.

हा प्रश्न आपल्यातल्याच बायकांनी विचारावा, याचे मला आधी वाईट वाटले, मग कुतूहल वाटू लागले. बाईने घराबाहेर पडायचे तर काहीतरी काम हवे. दवाखाना, रेशन, मुलाची शाळा, माहेरचे लग्न, देवदर्शन. आपण चळवळीतल्या बायकांनी या यादीत मोर्चा, शिबिर आणि परिषद यांची भर घातली, पण यादी काही फाडली नाही. कामाशिवाय, कुणाच्याही उपयोगाचे नसलेले फिरणे आपल्यालाही पटत नाही. मुंबईतल्या सार्वजनिक जागा आणि स्त्रिया या विषयावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे ‘व्हाय लॉइटर’ हे पुस्तक २०११ साली आले. त्यात हेच म्हटले आहे की सुरक्षितता मागताना आपण नेहमी ‘कामासाठी बाहेर पडलेली’ बाई पुढे करतो आणि उगाच रेंगाळणाऱ्या बाईचा हक्क सोडून देतो. खरे तर आपल्याकडे परदेशी गेलेल्या बाईने डोळे उघडे ठेवून लिहिण्याची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक १८८९ सालचे आहे. पण रमाबाईही कामासाठी गेल्या होत्या! म्हणून आज मी कामाशिवाय गेलेल्या बाईने काय पाहिले ते सांगणार आहे. सांगता सांगता ते कामाकडे वळेल, त्याला माझा इलाज नाही. सवय वाईट.

देवमासे ज्या गावी पाहिले त्याचे नाव कायकोरा. दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्राइस्टचर्चपासून बसने सुमारे १८० किलोमीटर. छोटे गाव आहे. एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रेल्वे आणि घरे. माओरी भाषेत ‘काय’ म्हणजे अन्न आणि ‘कोउरा’ म्हणजे तिथला मोठा शेवंडासारखा प्राणी. गावाचे नावच जेवणावरून पडलेले, त्यामुळे मला ते लगेच आवडले.

मी उतरले ते एका हॉस्टेलमध्ये. आठ पलंगांची खोली, सामाईक मोरी, सामाईक स्वयंपाकघर. फळीवर प्रत्येकाची पिशवी, त्यावर नाव. ज्याने त्याने आपले शिजवायचे, आपली भांडी विसळायची. मी डाळतांदूळ घेऊन खिचडी टाकली होती आणि शेजारी एक पंचविशीचा मुलगा कढई घासत होता, कुणावर उपकार केल्यासारखा नव्हे, नुसता घासत होता. माझ्या खोलीत एक सत्तरीच्या आसपासची बाई होती. पाठीवर सॅक घेऊन एकटीच निघालेली. तिला कुणी ‘कशाला’ म्हणून विचारीत नव्हते.

तो देश म्हणजे बाईचा स्वर्ग, असे सांगायला मी उभी नाही. घरातल्या हिंसाचाराचा प्रश्न तिथे फार मोठा आहे आणि तिथल्या कार्यकर्त्या ते लपवत नाहीत. २०१८च्या डिसेंबरात ऑकलंडमध्ये प्रवासाला आलेल्या एका तरुण ब्रिटिश मुलीचा खून झाला. त्या वेळच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी देशाच्या वतीने तिच्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली. ‘ती एकटी कशाला फिरत होती’ असा सूर त्यांनी लावला नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या किती मंत्र्यांची अशा प्रसंगीची वाक्ये तुम्हाला पाठ आहेत, ते मी विचारीत नाही.

आता बोटीकडे येते. कायकोराच्या किनाऱ्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर समुद्राचा तळ एकदम खचतो. पाण्याखाली प्रचंड घळ आहे, हजार मीटरहून खोल. जगात बहुतेक ठिकाणी एवढ्या खोल पाण्यासाठी फार लांब जावे लागते. खोल पाण्यात माकूळ आणि मोठे मासे, आणि ते खायला येणारा स्पर्म व्हेल जातीचा देवमासा. हे वर्षभर तिथे असतात. बोटीवरची माणसे पाण्यात एक ध्वनिग्राहक सोडतात आणि कानाला लावून ऐकतात. खाली देवमासा टकटक, टकटक असा आवाज करीत अंधारात भक्ष्य शोधत असतो. तो आवाज थांबला की समजायचे, आता वर येणार. पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ तो श्वास रोखून खाली राहतो. मग वर येऊन दहाएक मिनिटे नुसता पडून राहतो आणि श्वास घेतो.

मला दिसला तेव्हा आधी वाटले, लाकडाचा ओंडका आहे. करडा, सुरकुतलेला, लाटांबरोबर किंचित हलणारा. डोक्याच्या डाव्या बाजूने तिरका फवारा उडत होता. आवाज मोठा नव्हता, दमलेल्या माणसाने सुस्कारा टाकावा तसा. बोटीवर चाळीस-पन्नास माणसे आणि सगळी गप्प. माझे पोट लाटांनी ढवळत होते, एका हातात कागदी पिशवी धरलेली. मग त्याने पाठ वाकवली, शेपूट सरळ वर उचलली, पाणी गाळत क्षणभर तशीच उभी राहिली, आणि तो गेला. वर फक्त एक गुळगुळीत, तेलकट दिसणारी पाण्याची चकती उरली. एवढेच. सगळे मिळून दहा मिनिटे. यासाठी साडेतीन वर्षे पैसे साठवले का? हो.

पण मार्गदर्शक मुलीने त्यानंतर जे सांगितले त्याने माझे कान टवकारले. ती माओरी होती. तिने सांगितले, इथे दिसतात ते जवळजवळ सगळे नर. माद्या आणि पिल्ले या थंड पाण्यात येत नाहीत, त्या उबदार समुद्रांत राहतात. आजी, आई, मावश्या, मुली, त्यांची पिल्ले अशा मिळून. त्यांचा कळप आईकडून चालत येतो. नर वयात येऊ लागले की बाहेर पडतात आणि थंड पाण्याकडे जातात. पिल्लाला आईबरोबर खोल बुडी मारता येत नाही. म्हणून माद्या पाळीपाळीने बुड्या मारतात, म्हणजे पिल्लाजवळ वर कुणीतरी राहते. काही ठिकाणी तर दुसरीच्या पिल्लाला पाजतातही. कळपावर हल्ला झाला की पिल्लाला मध्ये घेऊन भोवती गोल करतात. हे सगळे शास्त्रज्ञांनी पाहून नोंदवलेले आहे, आणि आपल्या हिंदी महासागरातही श्रीलंकेजवळ या माद्यांच्या कळपांचा अभ्यास १९८०च्या दशकापासून झाला आहे.

तुम्ही हसताय. माझ्याही मनात तेच आले, की हे तर आपले पाळणाघर! पण मी स्वतःला आवरले. ‘निसर्गातच असे आहे’ हा दाखला आपल्याविरुद्ध इतकी वर्षे वापरला गेला आहे की तो आपल्या बाजूने आला तरी मी जपून हात लावते. निसर्गात नर मादीच्या तिप्पट वजनाचाही असतो, मग त्यावरून काय काढायचे? माद्या एकत्र राहतात, हे खरे आहे, सुंदर आहे. आपण पाळणाघर मागतो ते त्यांच्याकडे पाहून नव्हे, आपल्याला हवे म्हणून.

देवमाशांची दुसरी एक गोष्ट मात्र मला झोपू देईना. गावात समुद्राकाठी एक जुने गुलाबी घर आहे, फाइफ हाउस. त्याच्या पायाला लाकडी खांबांऐवजी देवमाशाच्या पाठीचे मणके लावलेले आहेत. १८४०च्या दशकात तिथे शिकारीचे ठाणे होते. किनाऱ्यावरून शिकार व्हायची ती मुख्यतः राइट व्हेल या दुसऱ्या जातीची. हिवाळ्यात त्यांच्या माद्या वितीसाठी उपसागरांत, अगदी किनाऱ्याशी येत. शिकारी लोकांची एक पद्धत होती. आधी पिल्लाला भाला मारायचा. ते अडकले की आई त्याला सोडून जात नाही, भोवती घिरट्या घालते. मग आईला मारायचे. तिच्या चरबीचे तेल जगाच्या पाठीवरच्या दिव्यांत जळायचे. ज्या माद्या विणार त्याच मारल्या गेल्यावर व्हायचे ते झाले. काही वर्षांतच ते उपसागर रिकामे पडले.

ही पद्धत मला ओळखीची वाटली. आपल्या समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला वाटेल. मार खाऊन बाई माहेरी येते आणि नवरा पहिली गोष्ट काय करतो? मूल ठेवून घेतो. शाळेतून परस्पर घेऊन जातो. मग त्याला तिला बोलवावेही लागत नाही, ती आपण होऊन त्या घराभोवती घिरट्या घालते. पोलीस म्हणतात, बापाकडेच आहे ना मूल? नातेवाईक म्हणतात, आईची माया बघा, परत गेली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१मध्ये मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. हा अर्ज आपण बहुधा सगळ्यात शेवटी करतो, आधी मारहाणीचे, मग राहत्या घराचे, मग पोटगीचे. माझे म्हणणे आहे की मूल अडकवलेले असेल तिथे तो पहिल्या दिवशी करावा. बाई परत गेली की आपण तिच्या मनाच्या कमकुवतपणाबद्दल बोलतो. भाला कुठे मारला होता ते पाहत नाही.

त्या ठाण्यांवरच्या गोऱ्या शिकाऱ्यांशी माओरी बायकांची लग्ने झाली होती. दक्षिण बेटावरची कितीतरी माओरी कुटुंबे त्या जोडप्यांपासूनची आहेत. इतिहासात त्या बायका येतात त्या बहुतेक वेळा कुणाची तरी बायको म्हणून. बोटींची नावे मात्र व्यवस्थित जपलेली असतात.

ज्या बोटीतून मी गेले ती कुणाच्या मालकीची, हे मी निघण्यापूर्वी वाचले होते, आणि म्हणूनच कायकोरा निवडले. १८५९ साली ब्रिटिश सरकारने कायकोराचा सगळा मुलूख, २८ लाख एकरांहून अधिक, न्गाय ताहू या माओरी जमातीकडून ३०० पौंडांना ‘विकत’ घेतला. त्याआधी १८४०मध्ये वाइटांगीचा तह झालेला होता, ज्यात जमिनी आणि मासेमारी यांची हमी दिलेली होती. पुढची सव्वाशे वर्षे या लोकांनी आपल्याच किनाऱ्यावर रेल्वेत आणि सरकारी खात्यांत मजुरी केली. १९८०च्या दशकात सरकारने ही खाती आवळली आणि सगळ्यात आधी माओरींच्या नोकऱ्या गेल्या. १९८२च्या संपानंतर गिरणगावात काय झाले ते आठवा, म्हणजे गावाची कळा कशी झाली असेल ते कळेल. तिथल्या न्गाती कुरी या शाखेतल्या काही कुटुंबांनी १९८७मध्ये आपली राहती घरे गहाण ठेवली आणि देवमासे दाखवण्याचा धंदा सुरू केला. पहिली बोट हवा भरलेली, आठ माणसांची. आज त्या मोठ्या जुळ्या सांगाड्याच्या बोटी चालवतात आणि देवमासा दिसला नाही तर तिकिटाचे ८० टक्के पैसे परत देतात.

धंदा चालतोसे दिसल्यावर दुसऱ्या कंपनीने परवाना मागितला. न्गाय ताहू कोर्टात गेले. १९९५ साली तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की बोटीतून पर्यटक नेणे हा काही परंपरागत हक्क नव्हे, पण या लोकांचे समुद्राशी आणि देवमाशांशी जे नाते आहे त्याच्याशी हा धंदा जोडलेला आहे, म्हणून सरकारने त्यांना वाजवी प्राधान्य दिले पाहिजे. १९९८मध्ये जमिनींबद्दल १७ कोटी डॉलरची भरपाई आणि सरकारची माफी मिळाली. १४ नोव्हेंबर २०१६च्या मध्यरात्री ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, समुद्राचा तळ वर उचलला गेला, बोटींचा धक्का उथळ झाला, रस्ता आणि रेल्वे दोन्ही तुटले. त्या दिवसांत अडकलेल्या हजारो प्रवाशांना माओरींच्या ताकाहांगा या सामुदायिक घरातून जेवण मिळाले. गावाच्या नावातलाच शेवंड रांधून वाढला, पर्यटकांना.

बायकांचा एक धागा इथे जोडते. न्यूझीलंडने १९ सप्टेंबर १८९३ रोजी स्त्रियांना मत दिले, देशपातळीवर तसे करणारा तो पहिला देश, हे आपण शिबिरांत सांगतो. केट शेपर्ड यांनी गोळा केलेल्या सुमारे ३२ हजार सह्यांपैकी बहुतेक सह्यांचे कागद एकमेकांना डकवून २७० मीटरची गुंडाळी केली होती, हेही सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात माओरींच्या स्वतःच्या संसदेपुढे मेरी ते ताय मांगाकाहिया ही पंचविशीची बाई उभी राहिली, हे मात्र आपण सांगत नाही. तिने नुसते मत मागितले नाही, त्या सभेत निवडून येण्याचा हक्कही मागितला. तिचा मुद्दा साधा होता. पुष्कळ माओरी बायकांच्या नावावर जमिनी आहेत, काही विधवा आहेत, काहींना भाऊ नाहीत, मग जमिनीचा निर्णय करताना त्या बाहेर का? देशाच्या संसदेत उभे राहण्याचा हक्क तिथल्या स्त्रियांना १९१९मध्ये मिळाला आणि पहिली माओरी स्त्री निवडून आली ती १९४९मध्ये.

जमीन, घर आणि नाव. बोटीत बसल्या बसल्या मी हाच हिशेब करीत होते. घर गहाण ठेवायचे तर ते आपले असावे लागते. आपल्या कोकणात आज घरगुती राहण्या-जेवणाची सोय म्हणून किती घरे चालतात ते तुम्ही पाहता. पाटीवर ‘वहिनींच्या हातचे जेवण’. पहाटे उठून घावन, सोलकढी, मासे, चादरी धुणे, संडास धुणे, सगळे वहिनी. सातबारा आणि घरपत्रक मात्र कुणाच्या नावावर? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीने शेतजमिनीबाबत हा प्रश्न विचारून तीन दशके उलटली. १९९४मध्ये आपल्या राज्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५मध्ये साऱ्या देशाने दिला. आणि आपल्या वस्तीतल्या बायका अजून भावाच्या दारी ‘हक्कसोड’वर अंगठे करून येतात, साडी घेऊन.

समुद्राचेही तेच. आपल्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवायच्या बोटी सुटतात. एक पाठ दिसली की चार-पाच बोटी इंजिने फोडीत तिच्यामागे. कायकोराला कायदा आहे. देवमाशाच्या ५० मीटरच्या आत जायचे नाही, ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त वाहने नकोत, वरून फिरणारे विमानही त्यात मोजायचे. तरीसुद्धा हाही एक प्रकारचा पाठलागच आहे, हे मला जाणवत होते. त्याला श्वास घ्यायला दहा मिनिटे मिळतात आणि त्या दहा मिनिटांत आम्ही पन्नास जण कॅमेरे घेऊन उभे. आपल्याकडे देवमासा वर्तमानपत्रात येतो तो दोनच कारणांनी. एक, किनाऱ्याला लागून मेला म्हणून. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू लागले होते, लोकांनी त्याला वाचवायला फार धडपड केली. दुसरे, ‘व्हेलची उलटी’ विकताना कुणाला पकडले म्हणून. ती उलटी म्हणजे याच स्पर्म व्हेलच्या आतड्यातला पदार्थ, अत्तरासाठी. त्याचा व्यापार आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पण सगळेच वाईट नाही. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत एका बचतगटातल्या बायका कांदळवनाची सफर चालवतात. होडी त्या वल्हवतात, झाडांची माहिती त्या सांगतात, पैसे गटाच्या खात्यात जातात. होडीला इंजिन नाही. त्यांच्याकडे आपल्यापैकी कुणी अजून गेलेले नाही, आणि मी हजारो मैल दूर जाऊन आले, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.

तर पावसाळा संपला की जायचे, असे मी सुचवते. दोन रात्री. एस.टी.चे भाडे आणि राहण्याचे पैसे ज्याचे त्याने भरायचे, ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी आतापासून दरमहा शंभर रुपये बाजूला काढू, वही ताईंकडे ठेवली आहे. संघटनेच्या निधीतून एक पैसा नाही, अहवाल लिहायचा नाही, चर्चासत्र नाही, गटचर्चा तर मुळीच नाही. मुलांना घरी ठेवायचे आणि घरच्या पुरुषांनी सांभाळायचे. नाव देताना कारणाचा रकाना मी वहीत ठेवलेला नाही. घरी काय सांगायचे ते मात्र प्रत्येकीने आपले आपण ठरवायचे आहे, त्यावर आता बोलू या, कारण मला वाटते खरी अडचण तिथेच आहे. सुरुवात कोण करतेय?